‘तपासलेलं नाही’ एवढं लिहून मोकळं होणाऱ्यांना खुलं पत्र

जुने संगणक ऑनलाइन विकणाऱ्या सर्व मित्रांना,

स. न. वि. वि.

मी तुमच्यातलाच एक आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांतले घरगुती संगणक उघडायचे, दुरुस्त करायचे, काही जवळ ठेवायचे आणि जागा संपली की काही विकायचे, हा माझा बऱ्याच वर्षांचा नाद आहे. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे त्यातलं थोडं मलाही लागू पडतं. तेही सांगेन.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने कमोडोर ६४ विकत घेतला. तिचा हा पहिलाच जुना संगणक, आणि पैसे शिकवण्या घेऊन साठवलेले. जाहिरात अशी होती: ‘कमोडोर ६४, मूळ पॉवर सप्लायसह. दिवा लागतो. बाकी तपासलेलं नाही. अत्यंत दुर्मीळ.’ पार्सल आलं त्या संध्याकाळी तिने मला फोटो पाठवला. निळी स्क्रीन, वर ‘३८९११ बेसिक बाइट्स फ्री’, खाली ‘रेडी’ आणि लुकलुकणारा कर्सर. ‘मामा, चालतोय!’ मी नुसता अंगठा पाठवला. कुठला सप्लाय लावलास, हे विचारायचं मला सुचलं नाही, आणि ते अजून खुपतं. थोड्याच वेळात दुसरा निरोप आला: ‘स्क्रीन काळी झाली. दिवा मात्र लागतोय.’

तिने तक्रार केली. विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं होतं: तपासलेलं नाही असं लिहिलंच होतं. साइटवाल्यांनीही ‘वस्तू वर्णनाप्रमाणेच मिळाली आहे’ असा निर्वाळा देऊन प्रकरण बंद केलं. शब्दशः पाहिलं तर दोघांचंही बरोबर आहे. दिवा लागत होता, बाकी काही तपासलेलं नव्हतं. हे असं बरोबर असणं मला मुकाट्याने गिळता येत नाही, म्हणून हे पत्र.

रविवारी ती मशीन घेऊन माझ्याकडे आली. खालचे तीन स्क्रू काढून आम्ही कीबोर्डचा भाग वर उचलला. आत धूळसुद्धा नव्हती. बोर्ड इतका स्वच्छ की बघून वाईटच वाटलं. माझ्या खात्रीच्या सप्लायवर तो चालू केला आणि मेमरीच्या आठ चिपांवरून बोट फिरवलं. सहा कोमट होत्या. उरलेल्या दोन अशा, की बोट टेकवताच मागे घ्यावं लागलं, म्हणजे त्या गेलेल्या.

मग तिच्यासोबत आलेला सप्लाय घेतला. लोड म्हणून, म्हणजे संगणकाच्या जागी वीज खायला, एक जाडसर रेझिस्टर जोडला आणि पाच व्होल्टच्या पिनेला व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावला. आकडा ५.१, पहिली पाच मिनिटं एकदम स्थिर. भाची म्हणाली, ‘हा तर बरोबर आहे.’ तेवढ्यात सप्लायचा ठोकळा कोमट व्हायला लागला आणि आकडा हलला. ५.४. ५.९. ६.६. ७.३ दिसल्यावर मी प्लग ओढून काढला. ती तोपर्यंत मीटरकडे बघायची थांबली होती, बोर्डाकडे बघत होती.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. कमोडोर ६४ हा १९८२ सालचा संगणक. त्याचा बाहेरचा सप्लाय दोन प्रकारची वीज देतो: ९ व्होल्ट एसी आणि ५ व्होल्ट डीसी. बहुतेक जुन्या ठोकळ्यांत आतले भाग राळेत बुडवून कायमचे बंद केलेले असतात. उष्णता बाहेर पडत नाही आणि दुरुस्ती करायची तर राळ फोडावी लागते. पाच व्होल्ट आवरून धरणारा रेग्युलेटर वर्षानुवर्षं तसाच भाजत राहतो आणि एक दिवस हात टेकतो. तो नुसता बंद पडला असता तर काही बिघडलं नसतं, पण तो बहुतेकदा उलट्या बाजूने बिघडतो: आवरलेला व्होल्टेज सैल सोडतो. या संगणकाच्या चिपा सव्वापाच व्होल्टपर्यंतच्या हिशेबाने बनवलेल्या आहेत. आत एक फ्यूज आहे खरा, पण तो ९ व्होल्टच्या वाटेवर. पाच व्होल्टच्या वाटेवर राखणदार कुणीच नाही, जे येईल ते थेट चिपांच्या डोक्यावर.

आणि तो लाल दिवा? तो त्याच पाच व्होल्टवर लागतो. आतल्या सगळ्या चिपा मेल्या तरी तो लागणार. ‘दिवा लागतो’ या वाक्यातून गिऱ्हाइकाला कळतं ते इतकंच, की दिव्याला वीज मिळते.

हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं कृपया म्हणू नका. ज्याने हा संगणक विकला त्याच्या पानावर त्या दिवशी आणखी अकरा संगणक होते. त्यातल्या एकाच्या फोटोत मागे त्याचं कामाचं टेबल दिसतं, आणि टेबलावर हल्लीच्या बनावटीचा, नवा, सुरक्षित सप्लाय. स्वतःच्या मशीनला तो जुना ठोकळा लावत नाही. तो त्याने माझ्या भाचीच्या खोक्यात घातला, कारण ‘मूळ सप्लायसह’ लिहिलं की किंमत चढते. ही माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार. बाकीच्या तक्रारी हिच्या मागून येतात.

दुसरी तक्रार ‘तपासलेलं नाही’ या शब्दांबद्दल. आपल्या बाजारात या दोन शब्दांचा अर्थ काय होतो ते आपण सगळे जाणतो. चालू मशीनला चांगला भाव मिळतो, बंद मशीन सुट्या भागांच्या भावात जातं, आणि न तपासलेलं या दोहोंच्या मधे कुठेतरी विकलं जातं. त्यामुळे जो तपासतो आणि बंद आहे हे पाहतो, त्याला तपासल्याचं विसरून जाण्यात फायदा असतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. अनुभवी माणूस ही मूठ बरोबर ओळखतो आणि बंद मशीनचाच भाव करतो. पूर्ण पैसे मोजतो तो नवखा. ‘वायर नसल्यामुळे तपासता आलं नाही’ हे वाक्य तर मी इतक्यांदा वाचलंय की, जगातल्या सगळ्या जुन्या संगणकांच्या वायरी एकाच रात्री चोरीला गेल्या असाव्यात.

इथे माझं स्वतःचं सांगायचं राहिलं. चार वर्षांपूर्वी मी एक अमिगा ५०० प्लस विकला, हाही कमोडोरचाच संगणक. १९९१ सालचं मॉडेल. घड्याळासाठी निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी थेट बोर्डवर सोल्डर केलेली असते आणि आज ना उद्या ती गळतेच. मी झाकण उघडलं होतं. बॅटरीखाली निळसर हिरवी पूड जमली होती आणि तिची एक जीभ शेजारच्या चिपेच्या सॉकेटपर्यंत गेली होती. मी झाकण परत लावलं, फोटो वरून काढला आणि लिहिलं: तपासलेलं नाही. ते खोटं नव्हतं, मी खरोखरच तो चालू केला नव्हता. का केला नाही, ते फक्त मला ठाऊक होतं. तीन आठवड्यांनी घेणाऱ्याचा निरोप आला: ‘आज उघडून पाहिलं. तुम्ही पाहिलं होतं का?’ मी त्याच दिवशी पैसे परत केले. प्रश्नाचं उत्तर मात्र दिलं नाही. ते आज देतो: हो, पाहिलं होतं.

तर आतल्या फोटोचा मुद्दा. बॅटऱ्या आणि कॅपॅसिटर (विजेचा साठा धरणारे छोटे भाग) हे या यंत्रांना आतून पोखरणारे दोन रोग आहेत आणि दोन्ही झाकणाबाहेरून दिसत नाहीत. निकेल-कॅडमियमच्या बॅटरीतून गळणारा अल्कली तांब्याचे ट्रॅक खातो, सॉकेटमध्ये शिरतो, बोर्डच्या थरांत उतरतो. अमिगा २००० असो की ३८६-४८६च्या काळातला एखादा पीसी बोर्ड, गोष्ट तीच. जुन्या मॅकिंटॉशमधला अर्ध्या पेन्सिल सेलएवढा ३.६ व्होल्टचा लिथियम सेल फुटला तर बोर्डासकट धातूची चौकटही गंजवतो. आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून जे पृष्ठभागावर चिकटवलेले छोटे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर आले (मॅकिंटॉश एसई/३०, अमिगा ६००, अमिगा १२००), ते इतके हळू गळतात की मशीन वर्षभर चालतं आणि मग एक दिवस आवाज जातो. असा कॅपॅसिटर काढायला सोल्डरिंगचं टोक लावलं की सडक्या मासळीसारखा वास सुटतो. एकदा तो वास घेतलेला माणूस आतला फोटो मागतोच. ज्याने घेतलेला नाही, त्याला काय मागावं हेच माहीत नसतं. म्हणून ‘ग्राहकाने विचारायला हवं होतं’ हे तुमचं आवडतं वाक्य मला पटत नाही. विचारण्याइतकं कळत असतं तर तो नवखा कसला?

‘दुर्मीळ’ या शब्दावर जास्त वेळ घालवत नाही. कमोडोर ६४ एक कोटीहून जास्त विकले गेले. त्याच काळातला झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणकही पन्नास लाखांच्या वर गेला. दुर्मीळ म्हणजे १९७६चा ॲपल-१, जो सुमारे २०० च बनला आणि ज्यातला एक २०१४च्या लिलावात ९,०५,००० डॉलरला एका संग्रहालयाने घेतला. असल्या बातम्या वाचून माळ्यावरचा प्रत्येक पिवळा पडलेला डबा सोन्याचा वाटायला लागतो, हे मी समजू शकतो. पण तुम्ही बातमी वाचून भुललेले नाही, तुम्ही ती वापरता.

‘किरकोळ दुरुस्ती लागेल’ हे लिहिणाऱ्यांचा मात्र मला खरोखर राग येतो, कारण इथे पैशांपुरतं नुकसान होत नाही. मागे एकाने मॅकिंटॉश क्लासिक विकताना लिहिलं होतं: ‘स्क्रीनवर फक्त आडवी रेघ येते, उघडून एखादं सोल्डर केलं की झालं.’ रेघ येण्याचं कारण अनेकदा तडकलेलं सोल्डर असतं हे खरं आहे. पण त्या डब्यात पिक्चर ट्यूब आहे. ट्यूबच्या बाजूला रबरी टोपीखाली चालू असताना दहा हजारांहून जास्त व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही त्यातला भार टिकून राहू शकतो. तो आधी उतरवावा लागतो, आणि कसा ते माहीत असावं लागतं. अंगठी-घड्याळ काढून, एक हात पाठीमागे ठेवून काम करतात, हे त्या ‘झालं’मध्ये कुठे बसतं? तसंच बीबीसी मायक्रो या संगणकाच्या सप्लायमधल्या आणि त्या काळच्या कितीतरी यंत्रांतल्या रिफा कंपनीच्या पिवळसर पारदर्शक कॅपॅसिटरांचं. त्यांच्या कवचाला तडे जातात, आत दमट हवा शिरते, आणि वीज जोडल्यावर काही मिनिटांत फटकन आवाज होऊन खोली धुराने भरते. यंत्र बहुधा वाचतं. पण पहिल्यांदाच जुना संगणक लावून बसलेल्या माणसाची काय गाळण उडते याची कल्पना करा.

आता छोट्या गोष्टी भराभर. ११० व्होल्टच्या देशातून आणलेलं मशीन २३० व्होल्टच्या देशात विकताना तसं ठळक लिहायला हवं. जाहिरातीच्या तळाशी, ‘फोटो पाहा’ म्हणून नाही. टीव्हीच्या चित्राच्या पाल आणि एनटीएससी या दोन पद्धतींपैकी मशीन कुठलं आहे, तेही लिहावं. स्पेक्ट्रमच्या प्लगमध्ये मधली पिन ऋण असते आणि घरातल्या बहुतेक ॲडॉप्टरांत ती धन असते, म्हणून ‘कुठलाही ९ व्होल्टचा चालेल’ असं सांगणं म्हणजे मशीनच्या जिवावर उठणं आहे. कमोडोरच्या आवाजाची ६५८१ चिप आधीच काढून वेगळी विकून टाकलेली मशीनं ‘आवाज तपासलेला नाही’ म्हणून खपवली जातात. वर बाजारात दुसऱ्याच चिपा घासून, नवे आकडे छापून ६५८१ म्हणून फिरतात. पिवळं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरं करून ‘नव्यासारखं’ म्हणता, पण पिवळेपणा कालांतराने परत येऊ शकतो हे सांगत नाही. आणि पॅकिंग! चाळीस वर्षांचं प्लास्टिक बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. एका वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवलेल्या ट्यूबची मान तुटली तर ते कुरिअरवाल्याचं पाप नव्हे.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आम्ही तज्ज्ञ नाही, वडिलांचं कपाट आवरताना सापडलं ते विकलं. त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांनी फक्त ‘मला यातलं कळत नाही, जाणकाराला दाखवल्याशिवाय वीज जोडू नका’ असं लिहावं. ही ओळ ‘तपासलेलं नाही’पेक्षा कितीतरी वेगळी आहे, तिच्यात समोरच्याला काय करायचं ते कळतं. दुसरे म्हणतील, एवढं सगळं लिहिलं तर विकलं कसं जाणार? विकलं जाईल, योग्य भावात. बंद कमोडोरलाही गिऱ्हाईक आहे. मी स्वतः घेतो.

तर मागण्या.

ज्या संगणकाचा जुना सप्लाय बिघडल्यावर संगणकाला मारू शकतो, तो सप्लाय ‘वापरू नका’ अशी चिठ्ठी डकवूनच पाठवा. चांगला आहे म्हणून विकायचा असेल तर लोड लावून किमान अर्धा तास चालवा आणि सुरुवातीचा व शेवटचा आकडा जाहिरातीत लिहा. थंड सप्लायचा आकडा चालणार नाही. माझ्या भाचीच्या सप्लायनेही थंड असताना ५.१ दाखवला होता.

‘तपासलेलं नाही’च्या पुढे ‘कारण’ लिहा. वायर नाही, भीती वाटते, वेळ नाही, काहीही असो. आणि तपासलं असेल तर काय लावलं, काय दिसलं, किती वेळ दिसलं, हे लिहा. बंद असेल तर बंद लिहा.

झाकण उघडता येत असेल तर आतल्या बोर्डचा फोटो टाका, बॅटरीची जागा स्पष्ट दिसेल असा. बॅटरी गळकी असो वा नसो, पाठवण्याआधी काढा. उघडता येत नसेल तर उघडलं नाही असं लिहा. कुठली चिप काढलेली वा बदललेली असेल तर तेही.

पिक्चर ट्यूब असलेल्या कुठल्याही यंत्राबद्दल ‘घरी सहज दुरुस्त होईल’ असं लिहिणं आजपासून बंद करा.

आणि साइट चालवणाऱ्यांना: जुन्या विजेच्या यंत्रांच्या विभागात ‘तपासलेलं नाही’ हा पर्याय निवडणाऱ्याकडून आतला फोटो आणि सप्लायची माहिती सक्तीने मागा. महिन्याला दहा-दहा यंत्रं विकणाऱ्याला आणि कपाट आवरणाऱ्याला एकाच मापाने मोजू नका. तक्रार आल्यावर वर्णनात काय लिहिलं होतं एवढंच न बघता काय लिहायचं टाळलं, तेही विचारा.

भाचीच्या संगणकाचं विचाराल तर त्या दोन मेमरी चिपा आम्ही बदलल्या. तिनेच सोल्डर केलं, मी फक्त बोर्ड धरला. निळी स्क्रीन परत आली आहे. आवाज अजून नाही. ६५८१ गेलेली आहे. ती मिळवण्यासाठी तिने स्वतःच जाहिरात टाकली, मला न विचारता: ‘अस्सल ६५८१ हवी. कुठल्या मशीनमध्ये, कुठल्या सप्लायवर लावून ऐकली ते लिहा. चालत नसेल तर चालत नाही असं लिहा, तरीही मी उत्तर देईन.’

आतापर्यंत चार उत्तरं आली आहेत. त्यातली तीन अशी: ‘आहे. तपासलेली नाही.’

आपला,
एक विक्रेता, आणि एका ग्राहकाचा मामा